फुंकर नको, सावकाश सोडा

आज दिवसभर सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद होऊन दम लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) रुग्णांचे श्वासाचे व्यायाम पाहताना एकच चूक वारंवार दिसली. ओठ बरोबर आवळलेले, पण श्वास मात्र जोरात फुंकलेला. या आजारात बारीक श्वासनलिका सैल पडलेल्या असतात. जोर लावला की त्या आतल्या आत मिटतात, हवा मागे अडकते आणि पुढचा श्वास घ्यायला छातीत जागाच उरत नाही. ओठ आवळून हळू सोडलं, तर आत थोडा दाब टिकतो आणि नलिका जास्त वेळ उघड्या राहतात.

खांदे सैल. तोंड बंद ठेवून नाकाने 2 अंक मोजेपर्यंत साधा श्वास घ्या, छाती ठासून भरायची नाही. मग मेणबत्तीची ज्योत हलेल पण विझणार नाही, इतक्याच वेगाने 4 अंकांपर्यंत सोडा. गाल फुगले तर जोर जास्त होतोय. चक्कर आली, बोटांना मुंग्या आल्या तर थांबा.

सराव दम लागलेला नसताना करा. ऐन धापेत नवीन काही शिकता येत नाही! जिना चढताना श्वास रोखू नका. आधी घ्या, पायरी चढताना सोडा. दम लागलाच तर बसून पुढे झुका, कोपरं मांड्यांवर टेकवा.

पोटाने श्वास घेण्याचा व्यायाम मात्र सरसकट सगळ्यांना सांगू नये. छाती खूप फुगलेल्यांना त्याने उलट जास्त धाप लागू शकते.

आणि हो, इनहेलर चालूच ठेवायचा. विश्रांतीतही दम थांबेना, ओठ निळसर दिसले, तर व्यायाम सोडून थेट दवाखाना गाठा.