नॉर्मल की ठंडा?

नौपाड्यात आईच्या रक्ताचा रिपोर्ट आणायला गेले होते. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अर्ध्या तासात मिळेल." सकाळी फोनवरही तिने हेच सांगितलं होतं. दुपारचे तीन, ऑक्टोबरचं ऊन, आणि गोखले रोडवर सावली म्हणजे दुकानांच्या पाट्यांची पडेल तेवढीच. समोरच्या उपाहारगृहात शिरले. पोऱ्याने फडका मारता मारता विचारलं, "पाणी? नॉर्मल की ठंडा?"

"नॉर्मल," म्हटलं आणि तिथेच अडकले. कारण मघाशी रांगेत माझ्या पुढचे गृहस्थ फोनवर ओरडून सांगत होते, "झाली हो! नॉर्मल!" काय झाली ते त्यांनी सांगितलं नाही आणि पलीकडच्यानेही विचारलं नसणार. आपल्याकडे 'नॉर्मल झाली' म्हटलं की पुढचा शब्द लागतच नाही. मुलगा की मुलगी हे त्यानंतर. माझ्या मावशीची 'नॉर्मल नव्हती' हे अजून निघतं. ज्याच्या वेळी नव्हती तो आता टकला झालाय.

मला मात्र या शब्दावरून आमचा सुतार आठवतो.

आमचं जुनं घर नौपाड्यातच होतं, पहिल्या मजल्यावर, लाकडी जिना चढून. मी चौथीत असताना कपाट करायला सुतारमामा आले. कानामागे पेन्सिल, पिशवीत रंधा, पटाशी, करवत. रंध्यातून निघणारी कुरळी सालपटं गोळा करायची परवानगी मला होती, अवजारांना हात लावायची नव्हती. पहिल्याच दिवशी मामांनी लोखंडी गुण्या काढला, खोलीच्या कोपऱ्यात टेकवला आणि एक डोळा मिटून पाहिलं. गुण्या आणि भिंत यांच्यामधून चांगलं बोटभर उजेड दिसत होता.

"वहिनी, कोपरा गुण्यात नाही. कपाट गुण्यात करू की भिंतीबरोबर?"

आई हातात उलथनं घेऊन बाहेर आली. घर तिरकं आहे हे तिला त्या दिवशीच कळलं, पण चेहऱ्यावर काही दिसलं नाही. "भिंतीबरोबरच करा," ती म्हणाली, "मागे झुरळं व्हायला नकोत."

पुढे कॉलेजात गणिताच्या सरांनी फळ्यावर वक्र काढला, त्याला स्पर्शिका काढली आणि स्पर्शबिंदूतून तिला काटकोनात एक रेघ मारून म्हणाले, "दिस इज द नॉर्मल." शाळा मराठी माध्यमाची असल्यामुळे शेजारच्या मुलीने कानात भाषांतर केलं, "अभिलंब." यात नॉर्मल काय आहे, हे मला कळेना. कळलं फार नंतर, डिक्शनरी चाळताना. लॅटिनमध्ये 'नॉर्मा' म्हणजे सुताराचा गुण्या! म्हणजे हा शब्द मुळात काटकोनाचा. 'बहुतेकांसारखा', 'नेहमीचा' हा अर्थ त्याला चिकटला तो १९व्या शतकात. गंमतच आहे. आमच्या अख्ख्या आळीत एक कोपरा गुण्यात नव्हता. मग नॉर्मल कोण, मामांच्या हातातलं लोखंड की आमच्या भिंती?

आपण ठाणेकरांनी तर हा शब्द जपूनच वापरावा. १९०१ पासून इथे मनोरुग्णालय आहे, आणि 'याला आता ठाण्याला पाठवायला हवं' हे वाक्य ठाणं न पाहिलेल्यांनाही पाठ असतं. लग्नाकार्यात "तुम्ही ठाण्याला असता? बरे झालात का?" असं विचारणारा एक तरी पुणेकर भेटायचाच. बाबा शांतपणे सांगायचे, "तुम्हाला येरवडा जवळ पडेल." हशा व्हायचा. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू तेवढ्या हसायच्या नाहीत. दर रविवारी त्या डबा घेऊन कुठे जातात, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मराठीतही या शब्दाचा काही कमी घोळ नाही. 'असामान्य' म्हटलं की शाल, श्रीफळ; 'अ‍ॅबनॉर्मल' म्हटलं की भांडण. शब्दांची घडण बघाल तर दोन्ही एकच. उलट मुलगी पाहून आल्यावर "सामान्य आहे" म्हणाले तर नकार समजायचा आणि "नॉर्मल आहे हो, आपल्यासारखीच" म्हणाले तर पसंती.

पावसाचंही तेच. हवामान खात्याच्या लेखी जून ते सप्टेंबर मिळून देशात सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के पडला की मोसम नॉर्मल. सरासरी आहे ८७ सेंटिमीटर. त्यातला आपल्या वाट्याचा दोन दिवसांत कोसळला आणि वंदना टॉकीजपाशी गुडघाभर पाण्यात चपला हातात घेऊन उभं राहावं लागलं, तरी मोसम नॉर्मलच. बेरीज जमली की झालं.

त्या कपाटाचं सांगायचं राहिलं. आमची इमारत पाडायला गेली, आम्ही घोडबंदर रोडला आलो आणि कपाट हट्टाने बरोबर आणलं. इथल्या भिंती चोख गुण्यात. त्यामुळे कपाट त्यांना टेकतच नाही, वर बोटभर फट राहते. येणारा प्रत्येक जण मान वाकडी करून म्हणतो, "कपाट तिरकं झालंय वाटतं." आई म्हणते, "ते पहिल्यापासून तसंच आहे." झुरळंही झाली आहेत.

चहा संपवून रिपोर्ट घेतला आणि तिथेच फुटपाथवर उघडला. हिमोग्लोबिन ९.४, जाड ठशात. शेजारच्या रकान्यात नॉर्मल, १२ ते १५. बाकीचे आकडे वाचेपर्यंत फोन वाजला.

"आलं का गं? काय म्हणतात?"

"नॉर्मल आहे."

"सगळं?"

"वयाच्या मानाने."

"मग येताना कोथिंबीर आण. आणि रिक्षाने ये, उन्हात चालत येऊ नकोस."

कोथिंबीर घेतली. पालकाच्याही दोन जुड्या घेतल्या. विचारलंच तर सांगेन, स्वस्त होता.