आधी साबण, मग औषध: आमची वाटचाल

पोल्ट्री शेडची धुलाई आणि निर्जंतुकीकरण हा आमचा व्यवसाय. गोडाऊन सिन्नरला, काम सिन्नर, निफाड, दिंडोरी आणि इगतपुरी या पट्ट्यात. कोंबड्यांची बॅच उचलली, लिटर (खाली अंथरलेला भुसा आणि त्यात मिसळलेली विष्ठा) निघालं की पुढची पिल्लं येईपर्यंत शेड आमच्या ताब्यात.

हे काम मनात आलं ते २००६ च्या फेब्रुवारीत. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात, म्हणजे आपल्याच नाशिक विभागात, देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. मी तेव्हा ब्रॉयलर फार्मवर सुपरवायझर होतो. आमच्याकडे एकही पक्षी आजारी नव्हता, तरी माल उचलायला गाडी येईना. भाव कोसळले, खाद्य मात्र रोज लागत होतं. नीट शिजवलेल्या चिकनमध्ये, ७० अंशांच्या वर, हा विषाणू जगत नाही हे लोकांना पटेपर्यंत कितीतरी शेतकरी कर्जात रुतले.

त्या काळात बहुतेक शेडवर एकच पद्धत दिसायची: लिटर ओढून काढायचं, चुना मारायचा, वरून जंतुनाशक औषधाचा फवारा. औषध महागाचं असायचं, पण ते विष्ठेच्या वाळक्या थरावर पडायचं आणि त्या थरातच त्याची ताकद संपायची. बर्ड फ्लूच्या विषाणूला बाहेरून चरबीचं आवरण असतं. साध्या साबणाने ते फुटतं. पण साबण तिथवर पोचायला आधी घाण निघाली पाहिजे. धाकट्या भावाला बरोबर घेऊन सेकंडहँड प्रेशर पंप आणला तो एवढ्याच भरवशावर.

आमची पोरं शेडमध्ये गेली की आधी जाळीकडे बघतात. तारेच्या गाठीत अडकलेली पिसं, पंख्याच्या पात्यामागची काजळीसारखी धूळ, पक्ष्यांना पाणी देणाऱ्या निप्पलच्या पाइपात आतून धरलेला बुळबुळीत थर, घाण अशा जागी दडून बसते. डिटर्जंट मारून सगळं भिजू द्यायचं, मग छतापासून खाली आणि मागच्या भिंतीपासून दाराकडे प्रेशरने धुवायचं. त्यानंतर शेड पूर्ण वाळू द्यायचं. ओल्या फरशीवर औषध पातळ होतं, म्हणून वाळल्याशिवाय आम्ही औषधाचा डबा उघडत नाही. शेतकऱ्याला घाई असते, पिल्लांची तारीख ठरलेली असते. तरी या एका बाबतीत आम्ही कुणाचं ऐकत नाही.

रोग एका फार्मवरून दुसऱ्या फार्मवर जातो तो बहुतेक वेळा माणसाच्या पायाने, गाडीच्या चाकाने, अंड्यांच्या ट्रेने. आमचा तर धंदाच फार्म ते फार्म फिरण्याचा. त्यामुळे दिवसाला एकच फार्म घ्यायचा हे आम्ही पहिल्यापासून ठरवलं. गाडी गेटबाहेर उभी राहते, गमबूट आणि कपडे त्या फार्मचेच वापरतो, पंप तिथेच धुऊन औषध मारून मगच गाडीत चढतो. आमच्याकडे काम करणाऱ्याने घरी कोंबड्या पाळायच्या नाहीत, हीसुद्धा अट आहे. खेड्यात ही अट सोपी नाही, दारात चार गावरान असतातच. म्हणून प्रत्येक घरी आम्ही दर आठवड्याला अंडी पोचवतो. त्या घरच्या बायकांनी अट मान्य केली म्हणून ही फर्म उभी आहे, असं मी मनापासून मानतो.

निफाडकडच्या फार्मची काळजी वेगळी. नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात बाहेरदेशीची बदकं उतरतात. रानबदक स्वतः आजारी न दिसताही हा विषाणू वाहू शकतं. त्यात निफाडची थंडी, आणि गारव्यात, ओलाव्यात हा विषाणू जास्त दिवस तग धरतो. पाखरं येणारच, ती आपलं वैभव आहेत. आपण टाकीवर झाकण ठेवावं, कालव्याचं पाणी क्लोरीन घालूनच पाजावं, सांडलेलं खाद्य रोज उचलावं आणि जाळीची भोकं बुजवावीत.

माणसांचं म्हणाल, तर १९९७ मध्ये हाँगकाँगला एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूची लागण १८ जणांना झाली आणि त्यातले सहा दगावले. आपल्या देशात २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये एक लहान मुलगा गेला. माणसाला लागण क्वचित होते, पण झाली तर जिवावर बेतते. म्हणून कोरडं लिटर झाडायला आमच्याकडे बंदी आहे, आधी पाणी शिंपडायचं. मास्क, चष्मा, हातमोजे सक्तीचे. साध्या फ्लूची लस दरवर्षी सगळ्यांना आमच्या खर्चाने. ताप आला तर डॉक्टरांना पहिल्यांदा सांगायचं, मी कोंबड्यांमध्ये काम करतो.

२०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात बर्ड फ्लू सापडल्याची बातमी आली आणि फोन थांबेनात. काहींच्या शेडमध्ये मर सुरू होती, त्यांना वाटायचं आम्ही येऊन औषध मारावं. आम्ही गेलो नाही आणि आजही जात नाही. फोनवर आमचा पहिला प्रश्न असतो, "मर आहे का?" अचानक पक्षी पडत असतील, तुरे निळे पडले असतील, अंडी एकदम घटली असतील, तर गेट बंद करा, पक्षी विकू नका, कापू नका, मेलेले ओढ्यात टाकू नका आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात. भरपाई मिळते ती सरकारी पथकाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची, रोगाने मेलेल्यांची नाही, त्यामुळे लपवण्यात शेतकऱ्याचंच नुकसान. अहवालात बर्ड फ्लू नाही, मानमोडी (कोंबड्यांचा राणीखेत रोग) निघाली तरी आम्ही धुवायला येतो ते डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.