बाईंची लाल रेघ

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा, असं समितीचं पत्र आलं आणि विषय ठरवायला क्षणही लागला नाही. मैदान, घंटा, स्नेहसंमेलन यांवर बाकीचे लिहितीलच. मला लिहायचं आहे गणिताच्या बाईंबद्दल. नाव सांगायची गरज नाही. ताळा न करता उत्तर लिहून ज्यानं कधी उभं राहून बोलणी खाल्ली आहेत, त्याला बाई कोण ते ठाऊक आहे.

बाई ख्रिस्ती होत्या, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. वर्गात मात्र त्यांनी त्यावर कधी प्रवचन दिलं नाही. कुणी विचारलंच तर दोन वाक्यांत सांगायच्या आणि फळ्याकडे वळायच्या. आपल्या आशेबद्दल जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यपणे, असं बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे. त्यातल्या ‘विचारेल’ या शब्दावर बाई बोट ठेवायच्या. गणिताच्या तासाचा पगार घेऊन तो तास दुसऱ्या कशाला देणं ही त्यांच्या लेखी चोरीच होती.

सहामाहीच्या पेपरांची ती गोष्ट आमच्या तुकडीतल्या सगळ्यांना आठवत असेल. एका मुलाच्या पेपरावर ४४ ची बेरीज ४७ झाली होती. पेपर वाटून झाले, गुण नोंदवहीत चढले, वही कार्यालयात गेली. मुलानं बेरीज तपासली नव्हती आणि दुसरं कुणी तपासणार नव्हतं. पण बाई प्रश्नवार गुणांचा तक्ता ठेवायच्या: आडव्या ओळीत मुलं, उभ्या रकान्यांत प्रश्न. आडव्या बेरजांची बेरीज आणि उभ्या बेरजांची बेरीज एकच यायला हवी. ती ३ ने जुळेना.

पुढे बाईंनी जे केलं, त्याच्या क्रमाला महत्त्व आहे. आधी मधल्या सुट्टीत त्या मुलाला एकट्याला व्हरांड्यात बोलावून चूक सांगितली. वर्गासमोर त्याच्या कानावर पहिल्यांदा पडू दिली नाही. मग मुख्याध्यापकांकडे गेल्या. मग कार्यालयात नोंदवही उघडून, पट्टी धरून, ४७ वरून लाल शाईची एकच रेघ मारली. वर ४४ लिहिलं, बाजूला सही, खाली तारीख. त्या काळी चुकलेला आकडा ब्लेडनं खरवडून काढायची सर्रास पद्धत होती. कागद पातळ व्हायचा, पण चूक दिसेनाशी व्हायची. बाईंनी तसं केलं नाही. रेघेखालचे ४७ स्वच्छ वाचता येत होते. शेवटी वर्गात म्हणाल्या, “बेरीज माझी चुकली. त्याचा यात काही दोष नाही.” एवढंच.

दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून द्यावं आणि वर पाचवा हिस्सा घालावा, असं बायबलमधल्या ‘गणना’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आहे. ३ गुणांवर पाचवा हिस्सा कसा घालणार? बाईंनी उरलेल्या दोन्ही तुकड्यांचे पेपर परत मागवून पुन्हा मोजले. त्यांत चूक निघाली नाही. पण तोच त्यांचा पाचवा हिस्सा होता, असं मला वाटतं.

आम्ही पाच-सहा जण रविवारी संध्याकाळी बाईंकडे पवित्र शास्त्र वाचायला जमायचो. तिथंही त्या गणिताच्याच बाई असायच्या. रोजचं वाचन का सुटतं, हे त्या आकड्यांत दाखवायच्या. जानेवारीच्या १ तारखेला उत्साहानं रोज ३ अध्याय धरायचे. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचे ५०, निर्गम या दुसऱ्याचे ४०, म्हणजे ३० दिवसांत ९० संपतात आणि ३१ तारखेला लेवीय हे तिसरं पुस्तक समोर येतं. त्याच्या २७ अध्यायांत गोष्ट जवळजवळ नाहीच, होमार्पणं आणि शुद्धतेचे नियम आहेत. त्यात दोन दिवस चुकले की ६ अध्याय थकतात. माणूस थकबाकी भरायला बसतो, घाईनं पानं उलटतो, मनात काही उतरत नाही, मग लाज वाटून पुस्तक मिटतो. श्रद्धा कमी पडली असं त्याला वाटतं. खरं तर हिशेबच चुकीचा मांडलेला असतो. बाईंचा हिशेब वेगळा होता. नव्या कराराचे, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाचे, अध्याय २६०. आठवड्याला ५ दिवस, रोज एक, ५२ आठवडे: बरोबर २६०. उरलेले दोन दिवस चुकलेल्यासाठी राखीव. त्यातूनही राहिलं तर सोडून द्यायचं आणि आजच्या तारखेचा अध्याय उघडायचा. अगदी नवख्यानं त्यातल्या मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करावी, १६ अध्यायच आहेत. वाचन मोठ्यानं, ठरल्या वेळी, ठरल्या जागी. आणि वाचून झालं की आज काय करायचं याची एकच ओळ वहीत. ती ओळ करता येण्यासारखी हवी. ‘प्रेमाने वागेन’ असं लिहिलं की बाई खोडून परत द्यायच्या. कुणाशी, किती वाजता, काय बोलणार, ते लिही म्हणायच्या.

बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायावर त्यांचा फार जीव. दानीएल परक्या राजाच्या दरबारातला यहूदी. तीस दिवस राजाखेरीज कुणाकडेही प्रार्थना करायची नाही, या फर्मानावर सही झाल्याचं कळल्यावर तो घरी गेला, खिडक्या यरुशलेमेकडे उघड्या होत्या, आणि त्यानं दिवसातून तीनदा पूर्वीसारखीच प्रार्थना केली. ‘पूर्वीसारखीच’ हा शब्द बाई दोनदा वाचून घ्यायच्या. सवय आधीची होती म्हणून त्या दिवशी काही नवं करावं लागलं नाही. त्यानं खिडकी दाखवायला उघडली नाही आणि भिऊन लावलीही नाही. चारचौघांत जेवायला बसल्यावर प्रार्थना करताना हाच नियम: डोळे मिटून दहा सेकंद, मनातल्या मनात. इतरांना थांबवायचं नाही आणि केस सारखे करतोय असं सोंगही आणायचं नाही.

नोकरीत नको ते काम समोर आलं तर काय करायचं, याचा धडा दानीएलाच्याच पहिल्या अध्यायात आहे. मला आजही तो सगळ्यात उपयोगी वाटतो. राजाच्या ताटातलं अन्न खाऊन विटाळायचं नाही, असा मनाशी निश्चय दानीएलानं आधी केला. मग आरडाओरडा न करता परवानगी मागितली. वरच्या अधिकाऱ्याला राजाची भीती वाटली, तेव्हा दानीएल खालच्या कारभाऱ्याकडे गेला आणि म्हणाला, दहा दिवस भाजी आणि पाणी देऊन बघा, मग ठरवा. म्हणजे वेळेआधी बोलायचं, एकट्याशी बोलायचं, आपल्याकडून पर्याय द्यायचा आणि त्याची झळ आपण सोसायची. रविवारी उपासनेसाठी सुट्टी हवी असेल, तर सहकाऱ्याला नको असलेली एखादी पाळी आपण घ्यावी. खोट्या आकड्यांवर सही मागितली तर एकच वाक्य: “हे माझ्या मनाला पटत नाही, मी सही करणार नाही, खरे आकडे आज संध्याकाळपर्यंत काढून देतो.” लांबण लावली की समोरचा त्यातली एखादी फट शोधतो. आणि ‘बरं वाटत नाही’ अशी सबब तर कधीच नको. खरेपणासाठी घेतलेली भूमिका खोट्यावर उभी राहते आणि पुढच्या वेळी आणखी एक दुखणं शोधावं लागतं.

मात्र खाण्यापिण्याचे आणि दिवस पाळण्याचे स्वतःचे नियम दुसऱ्यावर लादू नका, असंही त्या बजावायच्या आणि रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय काढून द्यायच्या. आजाऱ्याला गरज असताना रविवार पुढे करणाऱ्याला त्या खड्ड्यात पडलेल्या मेंढराची आठवण द्यायच्या. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात शब्बाथ दिवशी, म्हणजे यहूद्यांच्या विसाव्याच्या दिवशीही, त्याला वर काढतातच.

आज मी हिशेब तपासनीस म्हणून काम करतो. शाळेतही आता गुण संगणकावर भरतात, वेळ वाचतो, ते चांगलंच आहे. पण जुन्या आकड्यावर नवा टाकला की पडद्यावर जुना दिसत नाही, आणि मला ते बघवत नाही.

समितीला एक विनंती. कार्यालयातल्या लोखंडी कपाटात आमच्या वेळच्या गुणांच्या नोंदवह्या असतील, तर त्या रद्दीत घालू नका. आमच्या वर्षाची सहामाही, गणिताचा रकाना काढा. लाल रेघ, वर ४४, शेजारी बाईंची सही. महोत्सवाच्या प्रदर्शनात ते पान उघडून ठेवलं तर मी पाहायला नक्की येईन.