तुम्ही विचारलंत म्हणून: सातव्या कुंडीतली शेंग

"रोपांची गुणसूत्रं दुप्पट करता, म्हणजे निसर्गात ढवळाढवळच झाली की नाही?" मी काय काम करते ते कळलं की हा प्रश्न येतोच. इतकी वर्षं "नाही" म्हणून विषय बदलत आले. आज नीट सांगते.

तुम्ही खाता तो भुईमूगच मुळात दुप्पट झालेला आहे. दक्षिण अमेरिकेतल्या अरॅकिस ड्युरानेन्सिस आणि अरॅकिस इपाएन्सिस या दोन रानटी जाती, प्रत्येकी 20 गुणसूत्रांच्या. त्यांचा संकर झाला, त्याची गुणसूत्रं दुप्पट झाली आणि 40 गुणसूत्रांचं रोप उभं राहिलं. तिथे कोणाची प्रयोगशाळा नव्हती. पण त्यामुळेच हे पीक आपल्या रानटी भावंडांपासून तुटलं. 40 चं 20 शी सहज जुळेना. टिक्का आणि तांबेरा हे पानांवरचे रोग सोसणारी जनुकं रानातच राहिली. ती पिकात आणायची तर आधी रानटी जातींचा आपसात संकर करायचा. तो वांझ निघतो, कारण परागकण तयार होताना एका जातीच्या गुणसूत्रांना दुसरीकडे नीट जोडीदार मिळत नाही. दुप्पट केलं की प्रत्येकाला आपला जोडीदार मिळतो. मी करते ते एवढंच.

अशा एका संकराची छाटकलमं मी रात्रभर कोल्चिसिनमध्ये बुडवली होती. पेशी विभागताना गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे धागे हे औषध तयारच होऊ देत नाही, म्हणून दुप्पट झालेली गुणसूत्रं एकाच पेशीत राहतात. 1937 पासून ते या कामासाठी वापरात आहे, आणि ते विष आहे हेही खरं. बरीच कलमं कुजली, अकरा जगली. त्यांना फुलं आली तेव्हा मी मुळांची टोकं रंगवून गुणसूत्रं मोजली. 20. पुन्हा मोजली, 20. वहीत "उपचार फसला" असं लिहिलं आणि अकराही कुंड्या बाहेर पावसात नेऊन ठेवल्या.

दीड महिन्यानं त्या रिकाम्या करायला घेतल्या. सातव्या कुंडीत एका फांदीची आरी, म्हणजे फुलानंतर खाली उतरणारा आणि टोकाला शेंग धरणारा दांडा, मातीत शिरलेली होती. बोटांनी माती सारली तर टोकाला शेंग. आत एकच दाणा, सुरकुतलेला, करंगळीच्या नखापेक्षा लहान. ओल्या टिपकागदावर ठेवून सोळा दिवस रोज पाहिला. उगवला नाही. तोवर ती फांदीही कुजून गेली होती.

वांझ संकराला शेंग धरली, म्हणजे ती फांदी बहुधा दुप्पट झालेली होती. कलमाची मुळं खोडाच्या आतल्या पेशींतून फुटतात. त्या तशाच राहून शेंड्यातल्या पेशी दुप्पट होऊ शकतात. एकाच रोपात 20 ही असतात आणि 40 ही. मी मुळं मोजून फांदीचा निकाल लावला. एक फूल चुरडून ॲसिटोकार्मिन या लाल रंगाचा थेंब टाकला असता तर भरलेले परागकण लाल दिसले असते, पोकळ फिके राहिले असते. दहा मिनिटांचं काम. तेव्हा मला हे माहीत नव्हतं, असं मी पुढे बरीच वर्षं सांगितलं. माहीत होतं. अहवालाची तारीख जवळ आली होती आणि "फसला" हेही एक उत्तर होतं.

तेव्हाची मी छातीठोकपणे सांगायची, "आम्ही निसर्गाचीच नक्कल करतो." आज तिच्याशी माझं पटत नाही. निसर्गात दुप्पट झालेली बहुतेक रोपं मरतात, त्यांतलं कुठलं ठेवायचं ते कोणी ठरवत नाही. इथे मी ठरवते, आणि काय ठरवलं ते वर सांगितलंच. शिवाय दुप्पट केलं म्हणजे रोप आपल्या हातात राहतं असंही नाही. अशा घडवलेल्या भुईमुगात दोन्ही जातींची गुणसूत्रं आपसात तुकडे बदलतात, केशरी फुलांच्या जागी पिवळी येतात, हे 2019 मध्ये प्रसिद्ध झालं आहे. याला ढवळाढवळ म्हणायचं तर म्हणा. पण मग तुमच्या मुठीतल्या शेंगदाण्याला काय म्हणाल, तेही सांगा.

तोच संकर मी नंतर तीनदा केला. आता दर फांदीचे परागकण पाहते. आरी अजून सुटलेली नाही.