कोरा रकाना, शिकाऊ उमेदवारीचा अर्ज आणि उत्सवातले नाटक

इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा हाती आला, तेव्हा बायोडाट्यातील ‘कामाचा अनुभव’ या रकान्यात लिहिण्यासारखे माझ्याकडे नोकरीचे एकही पत्र नव्हते. वर्गातील बहुतेकांची तीच स्थिती होती आणि काही जण त्या एका रकान्यापायी अर्जच करत नव्हते. म्हणून मी आधी शिकाऊ उमेदवारीचे, म्हणजे अप्रेंटिसशिपचे, नियम वाचून काढले. शिकाऊ उमेदवार कायदा 1961चा. डिप्लोमा आणि पदवीधारक अभियंते त्याच्या कक्षेत आले ते 1973च्या दुरुस्तीने. किमान 30 कर्मचारी असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या अडीच ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. सार्वजनिक उपक्रमांच्या अनेक जाहिरातींत तर एक वर्ष किंवा अधिक अनुभव असलेला उमेदवार अपात्र ठरतो. अनुभव नाही म्हणून मागे राहण्याचे काहीच कारण नव्हते.

सार्वजनिक उपक्रमांत निवड बहुधा गुणांवर होते, त्यामुळे तिथे अर्जाच्या मजकुराला फारसा वाव नसतो. गोव्यातील वेर्णा, कुंडई किंवा मडकईच्या खासगी कारखान्यांत मात्र बायोडाटा समोर ठेवूनच मुलाखत घेतली जाते, आणि मला जायचे होते ते तिथेच.

पॉलिटेक्निकमधील सरांनी माझा बायोडाटा वाचून एकच प्रश्न केला, “तुमच्या देवळाच्या उत्सवात नाटकाचे लाइट कोण बघतो?” मी म्हटले, “सर, काही वर्षे मीच बघतो.” ते म्हणाले, “मग ते यात कुठे आहे?”

आमच्या फोंडा तालुक्यातील गावात उत्सवाला मराठी नाटक होतेच, आणि त्याची वीजजोडणी गावातलीच मुले करतात. हे काम मी बायोडाट्यात ‘नाटकाची आवड’ असे न लिहिता काम म्हणूनच लिहिले: प्रत्येकी 1000 वॅटचे 12 हॅलोजन, तीन फेजवर (वीजपुरवठ्याच्या तीन तारांवर) चार-चार असे वाटून, म्हणजे प्रत्येक फेजवर साधारण साडेसतरा अँपिअर, त्यानुसार निवडलेली केबल आणि एमसीबी (प्रवाह जास्त झाल्यास आपोआप बंद होणारा स्विच), जनरेटरची अर्थिंग प्रयोगाआधी तपासणे, पडदा पडेपर्यंत डिमरपाशी (दिवे मंद-प्रखर करण्याच्या उपकरणापाशी) थांबणे. वहीत हाताने काढलेल्या लोडच्या तक्त्याची (कोणत्या फेजवर किती वीजभार, याची) स्वच्छ प्रत अर्जाला जोडली. ‘मेहनती, प्रामाणिक, संघभावनेने काम करणारा’ ही तयार नमुन्यांतली विशेषणे मी काढून टाकली, कारण ती प्रत्येकाच्याच बायोडाट्यात असतात आणि वाचणाऱ्याला त्यांतून काहीच कळत नाही.

शिफारसपत्राबाबतही हेच धोरण ठेवले. उत्सव समितीचे अध्यक्ष आम्हां मुलांचे काकाच. ते ‘मुलगा सुशील व होतकरू आहे’ असे लिहून देण्यास लगेच तयार होते. मी त्यांना विनंती केली, “काका, मी काय काम केले, कोणत्या वर्षांपासून केले आणि कशाची जबाबदारी माझ्यावर होती, तेवढेच लिहा.” असे पत्र मागण्यात काही गैर नाही, उलट लिहिणाऱ्याचे काम त्यामुळे सोपे होते.

पावसाळ्यात फोंड्यातील एका परवानाधारक वीज कंत्राटदाराकडे विनावेतन जाऊ लागलो. रोज संध्याकाळी वहीत तारीख, जागा, वापरलेले उपकरण आणि मिळालेले रीडिंग लिहीत असे: घरांची वायरिंग, मेगर या उपकरणाने तारांच्या इन्सुलेशनची (वेष्टनाची) चाचणी, पॅनलमधील जोडण्या घट्ट करणे. काम किरकोळ असले तरी नोंद नेमकी असली पाहिजे, याबद्दल माझे मत आजही ठाम आहे.

वेर्ण्याच्या कारखान्यातील मुलाखतीत मेंटेनन्स विभागाच्या अधिकाऱ्यांनी तोच लोडचा तक्ता पुढे घेतला आणि विचारले, “प्रयोग चालू असताना न्यूट्रल सुटला तर?” न्यूट्रल म्हणजे तिन्ही फेजची सामाईक परतीची तार. मी सांगितले की तिन्ही फेजवर सारखा लोड असेपर्यंत फारसा फरक दिसणार नाही, पण डिमरने एका बाजूचे दिवे मंद केले, की कमी लोडच्या फेजवर व्होल्टेज चढेल आणि त्या फेजवरची इतर उपकरणे जळू शकतील, म्हणून न्यूट्रलची जोडणी मी प्रयोगाआधी स्वतः ओढून पाहतो. पुढचे सारे प्रश्न त्याच तक्त्यावरून निघाले. नोकरीच्या अनुभवाविषयी कोणीही विचारले नाही.

निवडीनंतर राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजनेच्या पोर्टलवर एक वर्षाचा करार नोंदवला गेला. या योजनेत किमान विद्यावेतनाचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलते, आणि गोव्याचा कारभार मुंबईच्या पश्चिम विभागीय मंडळाकडे असल्याने वर्षअखेरीचे प्रमाणपत्रही त्याच मंडळाकडून मिळते.