तुम्ही विचारलंत म्हणून: डार्करूमची प्रिंट की डिजिटल?

मी छायाचित्रांच्या प्रिंट्स डार्करूममध्ये, म्हणजे अंधाऱ्या खोलीत फिल्मवरून रसायनांनी काढतो, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: डिजिटल प्रिंट इतकी सुरेख निघत असताना डार्करूमच्या प्रिंटला जास्त मोल का द्यायचं? उभ्या उभ्या देण्याजोगं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून लिहून सांगतो.

टिकाऊपणा हे कारण नक्कीच नाही. सुरुवातीच्या इंकजेट प्रिंट्स डाय शाईच्या (विरघळलेल्या रंगाच्या) असत आणि लवकर फिकट पडत. पिगमेंट शाई (न विरघळणाऱ्या रंगकणांची) आली आणि ती तक्रार बरीचशी मिटली. उलट डार्करूमची प्रिंट नीट धुतली नाही, तर कागदात राहिलेल्या फिक्सरने, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या रसायनाने, तीच पिवळी पडते. फायबर कागद (प्लास्टिकचा थर नसलेला, पाणी शोषणारा) मी तासभर तरी वाहत्या पाण्यात ठेवतो.

दुर्मीळपणाचंही तसंच. अमेरिकी छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी 1941 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय टिपला. त्या एका निगेटिव्हवरून त्यांनी आयुष्यभरात हजाराहून जास्त प्रिंट्स काढल्या, तरी आजही त्यांना मोठी किंमत येते. का, ते दोन प्रिंट्स शेजारी ठेवल्या की कळतं. सुरुवातीच्या प्रिंट्समध्ये आकाश करडं आहे, वर ढगांच्या पुसट रेघा दिसतात. 1948 मध्ये त्यांनी निगेटिव्हचा खालचा भाग रसायनाने अधिक दाट करून घेतला, आणि पुढच्या काळातल्या प्रिंट्समध्ये आकाश जवळजवळ काळंभोर होत गेलं. निगेटिव्ह तेच, पण त्याच चंद्राकडे माणूस वयाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर पाहतो आहे.

माझ्या मते डार्करूमच्या प्रिंटचं मोल इथे आहे. एन्लार्जर हे निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र; त्याखाली वीस सेकंद कागदावर प्रकाश पडत असताना मी चेहरा उजळ राहावा म्हणून त्यावर हाताची सावली धरतो, सतत हलती, म्हणजे तिची कड उमटत नाही. मग आकाश गडद व्हावं म्हणून त्याला वेगळे पंधरा सेकंद. सगळं वहीत टिपलेलं असतं, तरी दुसऱ्या दिवशी हुबेहूब तीच प्रिंट निघत नाही. हात जरा वेगळा फिरतो, डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, थकलेला असतो. त्यात ओली प्रिंट ट्रेमध्ये जितकी उजळ दिसते तितकी वाळल्यावर राहत नाही. तो फरक आधीच मनात धरावा लागतो, आणि हे शिकायला मला कागदाचे किती डबे लागले ते मोजलेलं नाही. प्रत्येक प्रिंटला पहिल्यापासून सगळं ठरवायचं.

डिजिटलमध्ये हेच ठरवणं एकदा, फाइलवर होतं. तिथेही जाणत्या माणसाचे दिवसच्या दिवस जातात, त्याला मी कमी लेखत नाही. पण फाइल एकदा पक्की झाली की पन्नासावी प्रिंट पहिलीसारखीच असावी हाच तिचा गुण. मग घेणाऱ्याला कलाकाराच्या शब्दावर विसंबावं लागतं: किती प्रिंट्स काढणार, कुठे थांबणार.

2012 मध्ये अमेरिकी छायाचित्रकार विल्यम एगल्स्टन यांच्या 36 मोठ्या डिजिटल प्रिंट्सना लिलावात सुमारे 59 लाख डॉलर आले. त्यांतल्या काही चित्रांच्या जुन्या डाय-ट्रान्सफर प्रिंट्स (रंग एकेक करून कागदावर उतरवण्याची जुनी पद्धत) एका संग्राहकाकडे होत्या. आपल्या मर्यादित आवृत्तीचं मोल घटलं म्हणून त्याने दावा लावला. 2013 मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. मला निकाल बरोबर वाटतो. वेगळ्या आकाराची, वेगळ्या प्रक्रियेची प्रिंट ही वेगळी वस्तू आहे. मात्र पुढे दुसऱ्या प्रक्रियेने प्रिंट्स निघू शकतात हे घेणाऱ्याला पहिल्या दिवशीच सांगायला हवं.

म्हणून मी प्रत्येक प्रिंटच्या मागे पेन्सिलीने लिहितो: छायाचित्राचं वर्ष, प्रिंटची तारीख, कागद, प्रक्रिया. मध्यंतरी एक बाई आल्या, मैत्रिणीकडे आहे तशीच प्रिंट हवी म्हणाल्या. अगदी तशी नाही मिळणार, असं सांगून मी त्याच निगेटिव्हच्या दोन वेगळ्या दिवशी काढलेल्या प्रिंट्स समोर ठेवल्या. बराच वेळ पाहून त्यांनी मैत्रिणीकडच्या प्रिंटपेक्षा बरीच गडद असलेली उचलली.