तुम्ही विचारलंत म्हणून: गोल्फ कोर्सला बक्षीस कशाचं?

गोल्फ कोर्स उभारणाऱ्या प्रकल्पांना दिल्या जाणाऱ्या एका पुरस्काराच्या परीक्षक मंडळावर मी आहे. हे कळलं की मुंबईत हमखास एकच प्रश्न येतो. उन्हाळ्यात तलावांनी तळ गाठला की आपल्याकडे पाणीकपात लागते, सोसायट्या टँकरमागे धावतात. मग एवढ्या गवताला पाणी पाजणाऱ्यांना तुम्ही बक्षीस कसं देता?

प्रश्न रास्त आहे. मी पाण्याच्या निचऱ्याचं काम करणारा इंजिनिअर, त्यामुळे प्रवेशिका हातात आली की मीही तिथूनच वाचायला लागतो. ड्रोनने काढलेले फोटो सगळ्यांचेच देखणे असतात, ते मी शेवटी बघतो. आधी बघतो पाणी येतं कुठून. एका प्रवेशिकेत त्या रकान्यात नुसतं ‘स्थानिक स्रोत’ लिहिलं होतं. खोदून विचारल्यावर कळलं, सगळी मदार बोअरवेलवर. शेजारच्या गावाच्या विहिरींचं काय होणार, यावर उत्तर नव्हतं. माझ्याकडून तो प्रकल्प तिथेच बाद झाला, आणि पुन्हा आला तरी होईल.

18 होलच्या कोर्सला साधारण शंभर ते दोनशे एकर जागा लागते. पण रोज निगा लागते ती ग्रीन (चेंडू ज्या होलमध्ये घालायचा त्याभोवतीचं अगदी बारीक कापलेलं गवत), टी (पहिला फटका मारायची जागा) आणि फेअरवेला (या दोहोंमधला कापलेल्या गवताचा पट्टा). उरलेल्या जमिनीवर तिथलंच गवत, तिथलीच झाडं पावसावर सोडता येतात. ज्याने हे केलंय आणि बाकीच्यासाठी प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरलंय, त्याला मी मनापासून गुण देतो. समुद्राकाठी पासपालम जातीचं गवत खारट पाणीही सोसतं. हे पर्याय हाताशी असताना पिण्याचं पाणी ओतायला कुठलीच सबब चालू नये.

दुसरी गोष्ट, जमीन आधी काय होती? अमेरिकेतलं चेंबर्स बे हे जुन्या वाळू-खडीच्या खाणीवर उभं राहिलं आणि 2015 साली तिथे गोल्फची यूएस ओपन स्पर्धा झाली. ओरबाडून झालेल्या जमिनीवर हिरवळ आली, तर तिथे गोल्फने काहीतरी परत दिलं. उलट रिओमध्ये 2016च्या ऑलिम्पिकसाठीचा कोर्स संरक्षित निसर्गक्षेत्राला लागून झाला आणि त्यावर मोठा वाद पेटला. खेळासाठी तो कितीही उत्तम असो, जागेची निवड मला पटलेली नाही.

आणि मग निचरा. इथे मी जरा जास्तच रेंगाळतो, कारण आपल्या पावसात खरी परीक्षा याचीच. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तो आपण कोणीच विसरलेलो नाही. अमेरिकन गोल्फ संघटनेच्या शिफारशीनुसार ग्रीनच्या पोटात तळाशी छिद्रं असलेले पाइप, त्यावर चार इंच खडी आणि वर बारा इंच वाळूचं मिश्रण असतं. यातली खुबी अशी की वाळू पुरती भिजेपर्यंत पाणी खडीत उतरत नाही, मुळांना ओल मिळत राहते. जास्तीचं झालं की मात्र झटकन निघून जातं. यात वाळूऐवजी जवळपासची माती मिसळून पैसे वाचवले, तर वरून काहीच कळत नाही.

म्हणून प्रत्यक्ष पाहणीत मी तिथल्या माळ्याला माती काढायची पोकळ नळी मागतो, ग्रीनमध्ये खुपसतो आणि मातीचा नमुना वर काढतो. मुळं पांढरी, खोल गेलेली असली की मन भरून येतं. एकदा तीन-चार इंचांवर काळा पट्टा निघाला, सडक्या अंड्याचा वास मारणारा. पाणी तुंबून हवा कोंडली की असंच होतं. तिथल्या माळीमामांना हे केव्हाच ठाऊक होतं, पण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. आता मी सादरीकरण संपलं की आधी माळ्यांपाशी जाऊन बसतो.

निचऱ्याचं पाणी पुढे जातं कुठे, हेही बघायला हवं. गवतावरची खतं-औषधं त्याच्याबरोबर ओढ्यात उतरतात. मध्ये लव्हाळ्याचं, पाणगवताचं तळं ठेवून ते पाणी मुरवलं-गाळलं असेल, तर त्या माणसाने खालच्या गावाचा विचार केलेला असतो.

उद्घाटनाच्या वर्षी कुठलाही कोर्स हिरवागारच दिसतो. म्हणून आयोजकांकडे मी एक मागणी लावून धरली आहे: तीन पावसाळे काढलेल्या प्रकल्पांनाच प्रवेश द्या, आणि पाहणी ऑगस्टमध्ये ठेवा.